थ्रेड : आरोपी ड्रायव्हर आणि पुसलेला पुरावा

सप्टेंबर २००८. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्याच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी जगभर चालू होती. चाचणी घेणाऱ्यांपैकी काहींच्या संगणकांचे नेटवर्क एकाएकी बंद पडले. एवढ्याने कोणी दचकले नसते; चाचणीतला कर्नल अडखळतोच, म्हणून तर चाचणी घेतात. दचकण्याजोगे पुढे घडले. जुना, भरवशाचा कर्नल परत घातला तरी नेटवर्क येईना. वीज तोडून पुन्हा जोडली तरी येईना. सगळी डिस्क कोरी करून दुसरीच कार्यप्रणाली बसवली तरी येईना. सॉफ्टवेअरमधल्या कुठल्यातरी चुकीने नेटवर्क चिपच्या पोटातले तिचे स्वतःचे टिपण खराब केले होते.

ही चिप इंटेलची, मदरबोर्डवरच बसवलेली आणि अतिशय प्रचलित. ती चालवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव ई१०००ई. चिप आपला हार्डवेअर पत्ता आणि मांडणी फ्लॅश मेमरीच्या एका छोट्या कप्प्यात ठेवते. सुरू होताना ड्रायव्हर त्या मजकुराची बेरीज करून ताळा पाहतो आणि ताळा जुळला नाही तर चिप चालवायचेच नाकारतो. त्या महिन्यात अनेकांचा ताळा जुळेना. सूसे, उबुंटू, मॅन्ड्रिव्हा या वितरणांना आपापल्या चाचणी आवृत्त्यांबाबत सावधगिरीचे इशारे द्यावे लागले; कुठे तो ड्रायव्हरच बाजूला काढून ठेवला गेला. संशय अर्थातच ड्रायव्हरवर. चिप मेली आणि तिच्याशी बोलणारा एकटाच होता, तर दुसऱ्या कोणाचे नाव घेणार?

हा खटला समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. चिपच्या पोटात पुसता येण्याजोगे टिपण आले कुठून, हा मुळात इतिहासाचाच प्रश्न आहे.

१९५१ साली मँचेस्टर येथील परिषदेत केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी एक कल्पना मांडली. यंत्राची प्रत्येक आज्ञा तारांच्या गुंत्यात कायमची गुंफण्याऐवजी ती आणखी बारीक आज्ञांची मालिका म्हणून लिहावी, आणि ती मालिका यंत्रातच साठवावी. याला मायक्रोप्रोग्रॅमिंग म्हणतात. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा या कल्पनेला बाजारात मोठे स्थान मिळाले. त्या मालिकेतल्या मॉडेल ३० या यंत्रात हा मायक्रोकोड पंचकार्डाच्याच आकाराच्या मायलर कार्डांवर छिद्रे पाडून ठेवलेला असे. चूक सापडली की कार्ड बदलायचे. काढलेले कार्ड तंत्रज्ञाच्या हातात उरे. नवे आणि जुने शेजारी ठेवून काय बदलले हे डोळ्यांनी पाहता येत असे. पुराव्याच्या दृष्टीने एवढी सोय पुन्हा क्वचितच लाभली.

‘फर्मवेअर’ हा शब्द १९६७ चा. ॲशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातल्या लेखात तो वापरला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ, आणि या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर. पुढे सिस्टिम/३७० च्या पिढीत मायक्रोकोड बदलता येणाऱ्या मेमरीत आला. मग तो ग्राहकाच्या यंत्रात भरायचा कसा, असा प्रश्न आयबीएमपुढे उभा राहिला. टपालाने पाठवता येईल असे स्वस्त माध्यम हवे होते. त्यातून जी ८ इंची लवचीक तबकडी निघाली, तिला जग फ्लॉपी म्हणून ओळखते. आजच्या तरुणांना फ्लॉपी ठाऊक आहे ती ‘सेव्ह’ च्या चिन्हापुरती. तिचा जन्म मात्र फर्मवेअरचे अपडेट पोचवण्यासाठी झाला, आणि पहिल्या अवतारात ग्राहकाला तिच्यावर काही लिहिताही येत नव्हते.

१९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि पुढच्या दशकात संगणकांचे बायोस तिच्यात जाऊन बसले. आता कार्ड नको, तंत्रज्ञ नको, चिप उपसणे नको. संगणक चालू असतानाच त्याची मुळाक्षरे पुसून नवी लिहिता येऊ लागली. जे मालकाला जमते ते चोरालाही जमते. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने असंख्य संगणकांवर घाला घातला. डिस्क तर बिघडवलीच, शिवाय जिथे जमेल तिथे बायोसही खराब केला. असा संगणक वीज दिल्यावर काहीच करत नाही. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर तरी चालवणार कशावर?

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९९४ साली व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियम प्रोसेसर भागाकारात चुकतो असे आढळले. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना आकडे जुळत नव्हते. आधी स्वतःची आज्ञावली, मग कंपायलर, मग मदरबोर्ड असे एकेक कारण वगळत ते काही महिन्यांनी प्रोसेसरपर्यंत पोचले. तो दोष चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. चिपा बदलून देण्यापोटी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार हिशेबात धरावा लागला. लगेच पुढच्या पिढीतल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोड बाहेरून बदलण्याची सोय आली. न बदलणारी चिपही महाग पडते, एवढे त्या आकड्याने सर्वांना शिकवले.

या साऱ्यात एक गोष्ट हळूच निसटली. फर्मवेअरचे अपडेट स्वतःच्या पूर्वजाला पुसून जन्माला येते. जुना ताम्रपट ठोकून सपाट करायचा आणि त्यावरच नवे दान कोरायचे, अशी उदाहरणे लिपितज्ज्ञांना ठाऊक आहेत. तिथे निदान तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांच्या खुणा दिसतात. फ्लॅशमध्ये खुणा राहत नाहीत. कालच्या आवृत्तीत काय होते हे कोणी लिहून किंवा प्रत काढून ठेवले नसेल, तर आजच्या बिघाडाचा तपास हवेत होतो.

आता पुन्हा २००८ कडे.

दोष शोधण्याची लिनक्समधली रूढ पद्धत दुभागणीची. चांगली आवृत्ती आणि वाईट आवृत्ती यांच्यामध्ये हजारो बदल असतात. मधला बिंदू घ्यायचा, चालवून पाहायचे, वाईट निघाला तर अलीकडचा अर्धा भाग टाकून द्यायचा. दहा-पंधरा फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. इथे मात्र ‘वाईट निघाला’ याचा अर्थ आणखी एक नेटवर्क चिप मेली. शिवाय बिघाड दर वेळी होत नसे, म्हणून ‘चांगला निघाला’ यावरही विश्वास ठेवता येत नसे. साक्षीदार कमी, ते बोलले तर मरणार, आणि गप्प राहिले तर त्याचा अर्थ लागणार नाही, अशी ही अवस्था.

ड्रायव्हरनंतर दुसरा संशय ग्राफिक्सवर गेला, कारण काही जणांकडे पडद्याची यंत्रणा सुरू होताना किंवा कोसळताना हा प्रकार घडल्यासारखा दिसत होता. तेही एका अर्थी समजण्याजोगे होते. माणूस डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीला कारण मानतो.

खरा दोषी ऑक्टोबरमध्ये सापडला, आणि त्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नव्हता. कर्नलमध्ये कोणते फंक्शन केव्हा चालले याचा माग ठेवणारी एफट्रेस नावाची नवी यंत्रणा २.६.२७ मध्ये आली होती. प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक छोटी हाक पेरलेली असे. एफट्रेस त्या जागांची यादी करी आणि माग नको असेल तेव्हा त्या हाकांच्या जागी काहीही न करणारी आज्ञा लिहून टाकी. आता, ड्रायव्हरचा काही भाग फक्त सुरुवातीला लागतो. काम झाले की कर्नल तो टाकून देतो आणि ती मोकळी जागा दुसऱ्या कोणाला देतो. एफट्रेसच्या यादीत मात्र जुना पत्ता तसाच राहिला. कधीकधी त्या पत्त्यावर नवा भाडेकरू म्हणून नेटवर्क चिपची फ्लॅश मेमरी येऊन बसे.

एफट्रेस अगदीच बेफिकीर नव्हते. ‘तिथे माझी हाक असेल तरच बदल’ अशी अटीची आज्ञा ते देत असे. पण इंटेलच्या प्रोसेसरमधली ती तुलना-अदलाबदलीची आज्ञा अट फसली तरी एक लेखन करतेच. जे वाचले तेच परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. उपकरणाच्या कप्प्यात मात्र प्रत्येक लेखनाला अर्थ असतो, आणि तेच चिपच्या टिपणाला भोवले. एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड यांनीच पुढे या दोषाची उकल मांडली. २.६.२७ प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच २.६.२७.१ काढून एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला.

मग ई१०००ई अगदी निर्दोष का? तसेही म्हणता येत नाही. चिपचे टिपण लिहिण्यासाठी खुले ठेवले होते, कुलूप नव्हते. तपास चालू असतानाच इंटेलच्या अभियंत्यांनी ते कुलूप लावणारी दुरुस्ती दिली. चोर दुसराच होता, पण दार उघडे होते. त्या धामधुमीत ज्यांनी चिपच्या टिपणाची प्रत आधी काढून ठेवली होती, त्यांना ती परत लिहून चिप जिवंत करण्याची वाट होती.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या कामात असे गूढ क्वचित येते, पण त्याची लहान भावंडे नेहमी भेटतात. मदरबोर्डचा बायोस एका तारखेचा, नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर दुसऱ्या तारखेचे, ड्रायव्हर तिसऱ्या. इंटेलच्या ४० गिगाबिटच्या कार्डांचा आय४०ई हा ड्रायव्हर तर, कार्डातले फर्मवेअर अपेक्षेपेक्षा नवे दिसले, तर नवा ड्रायव्हर घाला असे सुरू होतानाच नोंदवहीत लिहून ठेवतो. किती जण ते वाचतात हा प्रश्न वेगळा. म्हणून उत्पादक कोणत्या ड्रायव्हरबरोबर कोणते फर्मवेअर तपासले आहे याची सारणी प्रसिद्ध करतात. बिघाडाच्या रात्री ती सारणी आणि सर्व्हरची शेवटची बदलनोंद शेजारी ठेवून वाचणे हे पहिले काम.

दुसरे काम कालगणनेचे, आणि ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला घरचे वाटेल. पेशवेकालीन पत्रावर शुहूर सन असतो, दुसऱ्या कागदावर शालिवाहन शक, तिसऱ्यावर हिजरी. तिन्ही इसवी सनात आणल्याशिवाय घटनांचा क्रम लागत नाही. सर्व्हरमध्येही दोन घड्याळे असतात. एक कार्यप्रणालीचे, दुसरे मदरबोर्डवरच्या व्यवस्थापन चिपचे. ही चिप मुख्य यंत्र बंद असतानाही जागी राहून तापमान, पंखे, वीज यांची वेगळी नोंद ठेवते. पुण्यातल्या सर्व्हरची कार्यप्रणाली भारतीय वेळ लिहीत असते आणि व्यवस्थापन चिप जागतिक वेळ. साडेपाच तासांचे हे अंतर लक्षात न घेतले, तर अपडेटच्या आधी झालेला बिघाड अपडेटनंतर झाल्यासारखा दिसतो आणि निरपराध ड्रायव्हर फासावर जातो.

जानेवारी २०१८ मध्ये प्रश्नाचे स्वरूपच बदलले. ३ जानेवारीला मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली दोन दुर्बलस्थाने जाहीर झाली. स्पेक्टरच्या एका प्रकारावर उपाय म्हणून नवा मायक्रोकोड लागणार होता. घाई सर्वांनाच होती. एकाच प्रोसेसरवर अनेक ग्राहकांची कामे चालवणाऱ्या डेटा सेंटरांना तर सर्वाधिक. ११ जानेवारीला इंटेलने मान्य केले की नवा मायक्रोकोड घातल्यावर ब्रॉडवेल आणि हॅसवेल पिढीची यंत्रे नेहमीपेक्षा जास्त वेळा आपोआप रीबूट होत आहेत. काही दिवसांत आणखी पिढ्यांची नावे जोडली गेली. २२ जानेवारीला इंटेलने स्वतःच सांगितले की हा मायक्रोकोड बसवणे थांबवा. महिना संपण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टने ते संरक्षण बंद करणारे वेगळे अपडेट काढले. सुरक्षेसाठी घातलेले अपडेट काढण्यासाठी अपडेट!

इथे एक तांत्रिक बारकावा निर्णायक ठरला. मायक्रोकोड दोन वाटांनी येतो. एक वाट बायोसची, म्हणजे फ्लॅशमध्ये लिहून. दुसरी वाट कार्यप्रणालीची. दर वेळी सुरू होताना ती मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये भरते आणि वीज गेली की तो विरून जातो. दुसरी वाट घेतलेल्यांना जुनी फाइल परत ठेवून रीबूट करणे पुरेसे होते. रेड हॅटने आपल्या पॅकेजमधला नवा मायक्रोकोड मागे घेतला तो असाच. बायोसच्या वाटेने गेलेल्यांना प्रत्येक सर्व्हरचा बायोस पुन्हा मागे न्यावा लागणार होता, तोही उत्पादकाने तशी परवानगी ठेवली असेल तर. तपासातही हाच फरक पडला. रीबूट झालेला सर्व्हर कोणत्या मायक्रोकोडवर चालत होता हे सांगायला कार्यप्रणालीची नोंद पुरे, पण तो बायोसमधून आला की फाइलमधून, हे ठरवायला दोन्हीकडच्या आवृत्त्या पाहाव्या लागत.

त्या महिन्याने सर्व्हर सांभाळणाऱ्या एका पिढीच्या मनात एक समजूत पक्की केली असणार, की थांबलेला बरा. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला?

आणि मग नोव्हेंबर २०१९ आला.

हार्डवेअर उत्पादक एचपीईने आपल्या सर्व्हरांतल्या काही एसएसडी डिस्कांबाबत एक सूचना काढली. एचपीडी८ या आवृत्तीपूर्वीचे फर्मवेअर असलेली डिस्क एकूण ३२,७६८ तास चालली की बंद पडेल. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर डिस्कही परत मिळणार नाही आणि तिच्यावरची माहितीही. १६ बिटांच्या चिन्हयुक्त आकड्यात ३२,७६७ पर्यंतच मोजता येते, हे संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पुढच्या तासाला मोजणी उलटते. पाणी नाही, आग नाही, झीज नाही. फक्त तास मोजणाऱ्या आकड्याची जागा अपुरी.

या सूचनेतले सर्वांत भयंकर वाक्य निराळेच होते : एकाच वेळी बसवलेल्या डिस्का जवळजवळ एकाच वेळी बंद पडतील. याचा धक्का समजायला १९८८ चा एक शोधनिबंध आठवावा लागतो. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी त्यात रेड ही रचना मांडली. अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधायच्या आणि थोडी जादा माहिती अशी ठेवायची, की एखादी डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातला मजकूर परत काढता यावा. जगभरचे सर्व्हर या भरवशावर उभे आहेत. त्या गणिताच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की डिस्का एकमेकींशी संबंध न ठेवता आपापल्या वेळी मरतात. यांत्रिक डिस्कांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरे होते. प्रत्येकीचे बेअरिंग वेगळे झिजते. फर्मवेअरमधला आकडा मात्र सर्वांत सारखाच. सर्व्हर नवा आला त्या सकाळी त्यातल्या आठही डिस्कांचे घड्याळ एकाच वेळी सुरू झाले, तर सुमारे पावणेचार वर्षांनी ते एकाच वेळी थांबणार. एक डिस्क गेली, तिच्या जागी नवी घालेपर्यंत दुसरी, मग तिसरी. मूळ डिस्कांच्या बरोबरच बसवलेला राखीव सर्व्हर त्याच जातीच्या डिस्कांवर असेल, तर तोही.

अशा बिघाडानंतर तपास करायला काही उरत नाही. जिथे नोंदी होत्या त्या डिस्काच मेलेल्या. सूचना आधी आली म्हणूनच तो इतिहासात दुर्घटनेऐवजी इशारा म्हणून नोंदवला गेला. ज्यांनी फर्मवेअर वेळेत बदलले त्यांच्या डिस्का वाचल्या. जानेवारी २०१८ मध्ये घाई करणारे पोळले होते. इथे न हलणारे पोळणार होते. दोन्ही वेळी हातात कागद एकाच तऱ्हेचा : उत्पादकाची सूचना, आवृत्तीचा क्रमांक, एक इशारा. फरक कळायला ती सूचना शेवटपर्यंत वाचावी लागत होती, की हे अपडेट नेमके काय बदलते, काय घडण्याआधी बदलते, आणि परतीची वाट ठेवते का.

मार्च २०२० मध्ये एचपीईने दुसरी सूचना काढली. या वेळी डिस्का वेगळ्या, आकडा ४०,००० तासांचा, म्हणजे ४ वर्षे, २०६ दिवस आणि १६ तास. उपाय एचपीडी७ या आवृत्तीत. डिस्का केव्हा पाठवल्या गेल्या ते पाहून कंपनीने हिशेब केला होता, की ऑक्टोबर २०२० पूर्वी कोणत्याही डिस्कचे तेवढे तास भरणार नाहीत. हातात सात महिने होते. त्याच मार्चमध्ये कार्यालये बंद झाली आणि सर्व्हर सांभाळणारी माणसे घरून काम करू लागली. दुरून जोडून घेऊन प्रत्येक डिस्कचा मॉडेल क्रमांक पाहायचा, फर्मवेअरची आवृत्ती पाहायची, डिस्कनेच मोजून ठेवलेले चालू तास वाचायचे, ४०,००० मधून वजा करायचे आणि उरलेले तास वहीत लिहायचे.